यार्मिलाबाईंचं रिकामं स्टोअर

यार्मिलाबाईंकडे काहीही मागायला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असायचं. बेअरिंग मागा, व्हॉल्व्ह मागा, नाहीतर हात पुसायला चिंधी मागा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात विणकाम, आणि मान वर न करता एकच शब्द, "नाहीये." नवखा माणूस तिथूनच माघारी फिरायचा. जुना फिरायचा नाही. तो काउंटरला टेकून उभा राहायचा, बाईंच्या गुडघ्याची चौकशी करायचा, यंदा जर्दाळू कसे धरलेत ते सांगायचा, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला बाई विणकाम खाली ठेवून विचारायच्या, "किती हवेत?"

यावोरानीच्या पंपाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं ते या दोन वाक्यांवर. काळच तसा होता. प्रागमधल्या कागदांवर पंचवार्षिक योजना फुललेल्या असायच्या आणि इकडे एका रबरी सीलसाठी सहा सहा महिने वाट बघावी लागायची. मग बाई दहा सील लागणार असले तर तीस मागायच्या, आणि चुकून तीस आलेच तर वीस दडवायच्या. ब्रातिस्लाव्हाच्या एका स्टोअरकीपरला त्या दर नाताळाला वाइन पाठवायच्या आणि तो दर ईस्टरला शाफ्ट पाठवायचा. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही, पण इतका गोडवा आमच्या गावातल्या निम्म्या जोडप्यांत नव्हता.

वर्षातून एकदा मंत्रालयाची समिती यायची. जास्तीचं सामान दिसलं की ते उचलून दुसऱ्या कारखान्याला द्यायचं आणि आमचा पुढच्या वर्षीचा कोटा कापायचा, एवढंच तिचं काम. म्हणून समिती येणार म्हटलं की आदल्या दिवशी यार्मिलाबाईंचं स्टोअर गावात राहायला जायचं. गावामागच्या टेकडीत वाइनच्या तळघरांची गल्ली आहे, निळ्या आणि पांढऱ्या दारांची, घरटी एक तळघर. पेट्या तिथे पिंपांमागे जायच्या, उरलेलं सामान कोंबड्यांच्या खुराड्यात, पाळण्यात, कुठे कुठे. समितीला रिकाम्या फळ्या दिसायच्या आणि एक मांजर. समिती गेली की सगळं परत. यादी नाही, पावती नाही. कुणाकडे काय आहे ते बाईंच्या डोक्यात.

आणि गावही यात होतं ते बाईंच्या एका वेडापायी. आमच्याकडे तेव्हा म्हण होती की जो सरकारला लुटत नाही, तो आपल्या बायकापोरांना लुटतो. त्या म्हणीला जागून प्रत्येक जण कारखान्यातून घरी जाताना काहीतरी नेई. कुणी स्क्रू, कुणी रंगाचा डबा, कुणी धीराचा असला तर शिडी. यार्मिलाबाईंनी एकतीस वर्षांत एक वॉशर घरी नेला नाही. त्यांच्या नवऱ्याने, लुद्विकने, विहिरीसाठी पंप हवा म्हटल्यावर त्यांनी दुकानात नाव नोंदवलं आणि तीन वर्षं बादलीने पाणी शेंदलं. लुद्विक त्याच कारखान्यात लेथवर होता. स्वतः बनवलेल्या पंपासाठी तीन वर्षं रांगेत थांबलेला माणूस म्हणून तो पिण्याच्या गुत्त्यात फार लोकप्रिय होता.

मग एका नोव्हेंबरात आम्ही सगळे चौकात जमलो, किल्ल्यांचे जुडगे हवेत धरून वाजवले आणि सरकार पडलं. यार्मिलाबाईंचा जुडगा गावात सगळ्यांत मोठा, त्यामुळे सरकार त्यांनीच पाडलं असं लुद्विक अजून सांगतो. स्वातंत्र्य आलं आणि गिऱ्हाईक गेलं. आमचे पंप जायचे रशियातल्या सामुदायिक शेतांवर; तिथे आता शेतंही कुणाची ते कळेना आणि पैसेही कुणी देईना. त्र्याण्णव साल उजाडायला आठ महिने उरले होते तेव्हा कारखान्यात निम्म्या लोकांना निम्मा पगार मिळत होता आणि उरलेल्यांना धीर.

बाईंची मुलगी राद्का तिथेच ड्रॉइंग ऑफिसात होती. चोवीस वर्षांची, हात इतका साफ की तिने काढलेला पंप कागदावरच पाणी उपसेल असं वाटावं. तिने व्हिएन्नाच्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम धरलं होतं. बस रविवारी. तपकिरी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती आणि यार्मिलाबाई रोज तिच्यावरची धूळ पुसत होत्या. पोरगी एकदा गेली की दुसऱ्यांच्या चादरी घालण्यात तिचा हात जाईल आणि ती परत यायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोलल्या मात्र काही नाहीत. बोलून काय करणार, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अशात बातमी आली की गुरुवारी जर्मन येतोय. लांगे नावाचा. दक्षिण जर्मनीतली पंपांचीच कंपनी, घरची. त्याला एक कारखाना विकत घ्यायचाय, आमचा नाहीतर हंगेरीतला.

आता जर्मन माणूस स्वतःचा देश सोडून आमच्याकडे पैसा का ओतेल, यावर गुत्त्यात त्या आठवड्यात जेवढं बोलणं झालं तेवढं एखाद्या विद्यापीठात होत नसेल.

"मजुरी," निवृत्त फिटर वाव्रा म्हणाला. त्याचं वय बहात्तर, आणि मत नेहमी एका शब्दाचं.

"मजुरी तर बल्गेरियात आणखी कमी," लुद्विक म्हणाला. "तिकडे का नाही जात?"

"लांब पडतं. इथून व्हिएन्ना दीड तास," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"मग थेट व्हिएन्नातच का नाही घालत कारखाना?" लुद्विकने विचारलं.

"मजुरी," वाव्रा पुन्हा म्हणाला.

"मी सांगतो," बँडमध्ये मोठा कर्णा वाजवणारा मातूश म्हणाला. "त्याला रशियाचं दार हवंय. उद्या रशियन लोकांकडे पैसे आले की पंप कोण विकणार? आपण. आपल्याला त्यांच्याशी बोलता येतं."

"आपल्याला त्यांच्याशी बोलता येतं," लुद्विक म्हणाला, "पण बोलायचंय कुणाला?"

यावर सगळे हसले आणि आणखी एक एक ग्लास आला. सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर होतं, आणि कुणाच्याच डोक्यात यार्मिलाबाई नव्हत्या.

बुधवारी सकाळी डायरेक्टर बार्तोश स्टोअरच्या दाराशी आले. चाळीस वर्षं 'कॉम्रेड' म्हणून झालेलं, जीभ अजून वळत नव्हती. "कॉम... बाई," ते म्हणाले, "उद्या पाहुणे येतायत. कारखाना बघायला."

"बघू देत की," बाई म्हणाल्या.

डायरेक्टर लगबगीने निघून गेले. स्टोअरमध्ये काय चालतं ते आपल्याला माहीत नसावं, ही दक्षता त्यांनी वीस वर्षं घेतली होती आणि तिच्यावरच ते डायरेक्टर राहिले होते.

यार्मिलाबाईंनी विणकाम खाली ठेवलं. शेजारच्या गावात काय झालं ते त्यांनी ऐकलं होतं. तिथला फर्निचरचा कारखाना कुणा परदेशी माणसाने घेतला, चांगली यंत्रं ट्रकमध्ये भरून नेली आणि फाटकाला कुलूप लावलं. म्हणजे तीच समिती, फक्त टाय महागातला. बाईंना एका गोष्टीची मात्र खात्री होती. सामान आहे तोवर कारखाना आहे. आणि कारखाना आहे तोवर त्या बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात जाण्याची आशा आहे. त्यांनी जुडगा उचलला, शाल घेतली आणि गावात निघाल्या.

दुपारी चारपर्यंत स्टोअर रिकामं. बेअरिंगच्या पेट्या त्यांच्याच तळघरात, शाफ्ट सुताराकडे लाकडांखाली, इम्पेलर, म्हणजे पंपातले पंखे, गल्लीतल्या तेवीस तळघरांत वाटून. रबरी सील पाद्रीबाबांनी कबुलीजबाबाच्या खोलीत ठेवून घेतले. तिथे हल्ली कुणी येत नाही म्हणाले. शेवटी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा उरल्या, त्या मातूशने आपल्या कर्ण्यात ओतल्या आणि वर बनियन कोंबला.

"उद्या वाजवायचंय ना रे तुला?" बाईंनी विचारलं.

"मोठ्या कर्ण्याकडे कोण लक्ष देतं, बाई?"

गुरुवारी लांगेसाहेब आले. उंच, शिडशिडीत, पावसाचं चिन्ह नसताना रेनकोट घातलेले. फाटकाशी बँड वाजला आणि मातूशने गाल फुगवताच कर्ण्यातून असा खळखळाट आला की लांगेसाहेबांनी आपल्या गाडीखाली वाकून पाहिलं.

दुभाषी राद्का होती. तिची जर्मन ऑस्ट्रियाच्या टीव्हीवरून शिकलेली; साबण, कॉफी आणि प्रेमभंग या विषयांवर ती अस्खलित होती, पंपांचं तिने रात्रभर पाठ केलं होतं. लांगेसाहेबांच्या हातात एक छापील कागद होता, त्यावर सतरा प्रश्न. मजुरी किती, सरहद्द किती दूर, रस्ता कसा, वीज किती वेळा जाते, कामगार किती शिकलेले, जुना मालक उद्या उठून कारखाना परत तर मागणार नाही ना. प्रत्येक उत्तराला ते एक बारीक खूण करत. लुद्विकच्या लेथपाशी ते दहा मिनिटं थांबले, त्याने कातलेला शाफ्ट बोटाने फिरवून पाहिला आणि जरा मोठी खूण केली. तेरा प्रश्न झाले, तेरा खुणा. डायरेक्टरांचा चेहरा खुलला होता. राद्काच्या आवाजाला धार आली होती. आणि मग सगळे स्टोअरच्या दाराशी आले.

रिकाम्या फळ्या. गंजलेली एक बादली. मांजर. काउंटरमागे यार्मिलाबाई, विणत.

राद्काच्या तोंडचं पाणी पळालं. तिने आईकडे बघितलं, फळ्यांकडे बघितलं, पुन्हा आईकडे.

"विचारतायत, सुटे भाग कुठेयत."

"नाहीये."

"आई."

"नाहीयेत म्हणून सांग त्यांना."

"आई, सोमवारी मी स्वतः इथे..."

"मांजर आहे. हवं तर न्या म्हणावं."

लांगेसाहेब दारात क्षणभर उभे राहिले. काउंटरला टेकावं, गुडघ्याचं विचारावं, जर्दाळूंबद्दल बोलावं, हे त्यांना कोण सांगणार? सगळे नवखे करतात तेच त्यांनी केलं. माघारी फिरले. जाताना कागदावर चौदाव्या प्रश्नापुढे त्यांनी एक सुबक शून्य काढलं, आणि हंगेरीतल्या कारखान्यात भाग तयार आहेत, तिथे पहिल्या दिवसापासून पंप निघतील, इथे आठ महिने जातील, असं जे ते बोलले ते राद्काने शब्दाला शब्द सांगितलं, कारण तिला दुसरं काही सुचेना.

डायरेक्टरांनी शेवटचा उपाय केला. पाहुण्याला तळघरांच्या गल्लीत नेलं. आमच्याकडे माणूस कितीही रागावलेला असो, गल्लीच्या या टोकाने शिरला की त्या टोकाला तो गातच बाहेर पडतो. पाहुण्याला दारावरून परत पाठवल्याचं आमच्या टेकडीत कधी घडलं नव्हतं. त्या दिवशी तेवीस वेळा घडलं. एकाची किल्ली हरवलेली. एकाची वाइन आजारी. सुतार म्हणाला आत सासू झोपलीय, आणि त्याची सासू गल्लीतूनच येत होती हातात कोलाचचं, म्हणजे आमच्याकडच्या गोड पावांचं, ताट घेऊन. लुद्विक आपल्याच तळघराच्या दाराला पाठ लावून उभा राहिला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "आज उपास आहे." मे महिन्यातल्या गुरुवारी कसला उपास, ते पाद्रीबाबांनाही सांगता आलं नसतं.

लांगेसाहेबांनी कोलाच खाल्लं, आभार मानले आणि लॉजवर परतले. उद्या दहाला निघतो म्हणाले.

राद्का घरी आली ती बूटसुद्धा न काढता, आणि आमच्याकडे बूट घालून कुणी घरात शिरलं तर समजावं की घरात कुणी गेलंय.

"त्याला सामान न्यायचं नव्हतं, आई. कारखाना चालवायचा होता. एक जूनपासून."

"असं सगळेच म्हणतात."

"सतरा प्रश्न होते. तेरा बरोबर आले. चौदावा तू."

"मी तुमच्यासाठीच तर..."

"लपवलंस. माहितीये. आणि त्याला काय वाटलं सांगू? या गावाला मी नकोय. मला विचारत होता, मी यांचं काही वाईट केलंय का." राद्काने बॅगेचा पट्टा आवळला. "गल्लीत एक दार उघडलं नाही गं. मला लाज वाटली."

यार्मिलाबाईंनी त्या संध्याकाळी एक टाका विणला नाही. लुद्विकने भाकरीवर चरबी आणि कांदा ठेवून समोर दिला तो तसाच राहिला. एकतीस वर्षं ज्या एका गोष्टीने कारखाना वाचवला तीच आता त्याचा गळा धरून बसली होती, आणि हे आपल्याच हातून झालं याची त्यांना इतकी शरम वाटली की त्या दाराशी जाऊन बॅगेशेजारी स्टुलावर बसल्या. मग एकदम उठल्या आणि लुद्विकला म्हणाल्या, "उद्या सकाळी ग्लास धुऊन ठेव."

"किती?"

"सगळे."

शुक्रवारी साडेनऊला लांगेसाहेब लॉजच्या पायरीवर हातात बॅग घेऊन उभे होते. समोरून एक ठेंगणी बाई निळ्या एप्रनमध्ये, कमरेला जुडगा खळखळवत आली. तिने त्यांच्या हातातून बॅग घेतली आणि चालू लागली. बाईंना जर्मन येत नव्हती, पण माणूस आपल्या बॅगेमागे येतोच, हे त्यांना त्या आठवड्यात नीट कळलं होतं. लांगेसाहेब पंधरा पावलांवरून "बाई, ओ बाई" असं काहीतरी जर्मनमध्ये म्हणत मागे, त्यांच्यामागे बातमी कळून धावत आलेली राद्का, तिच्यामागे मांजर.

तळघरात बाईंनी त्यांना एका पेटीवर बसवलं. लांब काचेच्या नळीने पिंपातून वाइन काढली, ग्लास भरला. सकाळचे पावणेदहा झाले होते. लांगेसाहेबांनी घड्याळ पाहिलं, बाईंचा चेहरा पाहिला आणि प्यायले.

"आता उठा म्हणावं," बाई राद्काला म्हणाल्या.

ते उठले. बाईंनी पेटीचं झाकण उचकटलं. तेलकट कागदात गुंडाळलेली बेअरिंग, ओळीने, नव्या बटाट्यांसारखी. लांगेसाहेबांनी एक उचललं, कानाशी धरून फिरवलं. डोळे मिटले. पुन्हा फिरवलं. मग दुसरी पेटी. मग तिसरी. चौथीला त्यांनी स्वतःच रेनकोट काढून पिंपावर टाकला.

"विचारतायत, अजून आहे का?" राद्का म्हणाली. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

यार्मिलाबाई बाहेर गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. जुडगा कमरेचा सोडला, डोक्यावर धरला आणि वाजवला, अगदी त्या नोव्हेंबरातल्यासारखा.

पहिल्यांदा सुताराचं दार उघडलं. मग त्याच्या शेजारचं. मग खालपासून वरपर्यंत, निळी पांढरी सगळी, आणि त्यानंतर जे झालं ते आमच्या गावात लग्नालासुद्धा होत नाही. ढकलगाड्या निघाल्या, ट्रॅक्टर निघाला, बाबागाड्या निघाल्या आणि त्यांतली बाळं आज्यांच्या कडेवर. अंत्यविधीच्या गाडीतून शाफ्ट आले, कारण तेवढी लांब गाडी गावात दुसरी नव्हती. मातूशने कारखान्याच्या फाटकात कर्णा उलटा केला, स्प्रिंगांचा पाऊस पडला, मग त्याने तो तोंडाला लावला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा खराखुरा आवाज काढला. प्रत्येक दारातून पाहुण्याला ग्लास. तेवीस दारांची उधारी एका सकाळी फिटली.

बाई स्टोअरच्या दारात उभ्या राहून सामान जागेवर लावून घेत होत्या, कागदाशिवाय. "हे खालच्या फळीवर. हे नाही, तिकडे. पाद्रीबाबांकडचे सील राहिले." आणि पाद्रीबाबा तेवढ्यात पिशव्या घेऊन येताना दिसले.

सगळं सामान परत आलं तरी रांग संपेना. म्हातारा वाव्रा पुढे आला, हातगाडीवर एक वजनदार लोखंडी व्हाइस, काम घट्ट पकडून ठेवायचा चिमटा, घेऊन.

"हे माझं नाही," बाई म्हणाल्या.

"तुझंच आहे."

"मी तुला हे दिलंच नव्हतं."

"नव्हतंसच," वाव्रा म्हणाला. "एकाहत्तर साली मीच घेतलं होतं." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका शब्दापेक्षा लांब मत दिलं. "तेव्हा कारखाना कुणाचाच नव्हता ना. आता वाटतं, असू दे कुणाचा तरी."

त्याच्यामागे एक शिडी उभी होती. शिडीमागे बदकांच्या तळ्यातला पंप, अजून शेवाळलेला. दोन ड्रिल, हातोड्यांचं एक कुटुंब, रंगाचे डबे, आणि सगळ्यांत शेवटी मान खाली घातलेले डायरेक्टर बार्तोश, मीटिंगच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून. गेलं होतं त्याच्या दीडपट सामान परत आलं. यार्मिलाबाईंनी चष्मा काढला, एप्रनला पुसला, पुन्हा घातला आणि तरी त्यांना काही नीट दिसेना. एकतीस वर्षं ज्या गावाला त्या मनातल्या मनात चोर म्हणत आल्या होत्या, त्या गावावर त्यांचं आत्ता इतकं प्रेम दाटून आलं की त्यांनी वाव्राच्या गालाचा मुकाच घेतला.

रविवारची बस राद्काशिवाय गेली. त्या वेळी ती लॉजवर लांगेसाहेबांच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवत होती आणि लुद्विक त्यांना सांगत होता की डोकं दुखणं हा वाइनचा दोष नाही, पाण्याचा आहे, शुक्रवारी सुरू झालेलं पिणं चालू असताना शनिवारी ते मध्येच पाणी प्यायले. चौदाव्या प्रश्नापुढच्या शून्यावर आता इतकी मोठी खूण होती की ती पंधराव्यात शिरली होती. जुलैत सह्या झाल्या. बातमीपत्रात छापून आलं की कंपनीने यावोरानी निवडलं ते मजुरी, रस्ता आणि सरहद्दीचं अंतर पाहून. गुत्त्यात ते मोठ्याने वाचलं गेलं आणि वाव्रा म्हणाला, "सांगितलं होतं."

सप्टेंबरात लांगेसाहेब स्टोअरमध्ये आले, सोबत राद्का. आता ते यावोरानीतच राहत होते आणि आमची भाषा त्यांना तुटकी का होईना येत होती, पण महत्त्वाचं असलं की दुभाषी लागायची. राद्काने ऐकलं आणि आईच्या भरलेल्या फळ्यांकडे पाहिलं.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"म्हणतायत... आता साठा ठेवायचा नाही."

"म्हणजे?"

"भाग रोज सकाळी ट्रकने येणार, संध्याकाळी पंप होऊन जाणार. नवी पद्धत आहे, जगभर असंच करतात. साठा म्हणजे अडकलेला पैसा. जुनं सगळं भंगारात. स्टोअर कायम रिकामं हवं."

यार्मिलाबाईंनी चष्म्यावरून लांगेसाहेबांकडे बघितलं.

"राद्का," त्या म्हणाल्या, "विचार त्यांना, मेमधल्या गुरुवारी मी त्यांना काय दाखवलं होतं?"

"हे मी विचारणार नाही, आई."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि विणकाम उचललं.

रात्री जेवताना लुद्विकला हे कळलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. लग्नाला तीस वर्षं झाली होती. आपली बायको एका झटक्यात 'बरं' म्हणते ते कधी, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तो तळघरात गेला तर पिंपं भिंतीपासून हातभर पुढे सरकलेली. भंगाराचा ट्रक आला, भरून गेला, आणि तो ट्रक जरा हलकाच गेला असं ज्यांच्या लक्षात आलं त्यांची तळघरंही हातभर लहान झाली होती.

जानेवारीत बर्फ पडला. असा पडला की जर्मनीच्या सरहद्दीवर ट्रकांची रांग तीन दिवस जागची हलली नाही, आणि त्या रांगेत कुठेतरी आमचे सील होते. आमची ऑस्ट्रियातून आलेली पहिली मोठी ऑर्डर, चारशे पंप, शुक्रवारी जायची होती. मुख्य कचेरीतून फोनवर फोन येत होते; हंगेरीचं नाव पुन्हा निघालं होतं. कारखाना सुन्न. राद्का ड्रॉइंग बोर्डासमोर हात बांधून बसलेली.

बुधवारी दुपारी लांगेसाहेब एकटेच स्टोअरमध्ये आले. रिकाम्या, स्वच्छ पुसलेल्या फळ्या. मांजर. काउंटरमागे यार्मिलाबाई, पायाशी ती तपकिरी बॅग, तिच्यात आता त्या लोकर ठेवत.

"बाई," ते आमच्या भाषेत म्हणाले, "सील आहेत?"

"नाहीये," बाई मान वर न करता म्हणाल्या.

लांगेसाहेब वळले. दारापर्यंत गेले. थांबले. मग परत आले, ओला रेनकोट काढला, काउंटरला कोपर टेकून उभे राहिले आणि तुटक्या शब्दांत विचारलं, "गुडघा कसा आहे, बाई?"

"थंडीत धरतो," बाई म्हणाल्या.

"माझ्या आईचापण. ती कोबीचं पान बांधते."

"कोबीचं नाही, तिखट मुळ्याचं बांधायला सांगा."

"सांगतो." ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर सगळं पांढरं. "एवढा बर्फ... जर्दाळूंना बरा की वाईट?"

"बरा. मुळं झाकली जातात. मार्चमध्ये नाही पडला म्हणजे झालं."

भिंतीवर डायरेक्टरांनी परत आणलेलं घड्याळ टिकटिकत होतं. मांजराने आळस दिला. लांगेसाहेब तसेच उभे, घाई नसल्यासारखे, आणि त्यांच्या कपाळावर घाम.

यार्मिलाबाईंनी ओळ पूर्ण केली, सुया लोकरीत खोचल्या, विणकाम खाली ठेवलं आणि कमरेच्या जुडग्याला हात घातला.

"किती हवेत?" त्यांनी विचारलं.